बोका, भाटी आणि उरलेलं मांजर

मांजर पाळायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते आणि दुसरी बोका आणायचा की भाटी याची. शेजारी, नातेवाईक, ओळखीपाळखीचे, प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं. बोका रुबाबदार, पण घरी टिकत नाही, दारं-पडदे घाण करतो, मारामाऱ्या करून कान फाडून घेतो. भाटी घर धरून राहते, उंदीर मारते, पण वर्षातून दोन-तीनदा विते आणि मग पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. कोणी सांगतं की बोके जास्त लाडीक असतात, कोणी सांगतं की भाटी लहरी असते, तिच्या मनात असेल तरच जवळ येते. ही मतं पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून आली आहेत, त्यामुळे ती उडवून लावण्याचं कारण नाही. मात्र लोकांनी जे पाहिलं ते नेमकं कशामुळे घडत होतं, हे शांतपणे उलगडून पाहायला हवं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बोका आणि भाटी यांच्या वागण्यात जो ठळक फरक दिसतो तो वंश वाढवण्याच्या कामातून येतो, कारण या कामातला दोघांचा वाटा अगदी वेगवेगळा आहे. काम चालू असतं तोवर फरक ठळक राहतो आणि काम थांबलं की तो पुसट होतो. त्यानंतर आपल्यासमोर जे मांजर उरतं, त्याचा स्वभाव ठरवणाऱ्या गोष्टी निराळ्याच असतात. घरात मांजर असणाऱ्याला यातली शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे, पण तिथवर पायरी-पायरीनेच जावं लागेल.

आधी भाटी, कारण मांजरांचं सारं समाजजीवन तिच्याभोवती रचलेलं आहे. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकटं राहणारं, एकट्याने शिकार करणारं जनावर. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य पिकवून साठवू लागला, साठ्याभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागून मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. एका ठिकाणी बारमाही अन्न मिळू लागल्यावर एकेकट्या राहणाऱ्या माद्यांना शेजारी-शेजारी राहणं परवडू लागलं. आजही गोठ्याच्या, कोठाराच्या किंवा मासळीबाजाराच्या आसऱ्याने राहणारी मांजरं पाहिली, तर मध्यभागी आई, तिच्या मुली, बहिणी असा माद्यांचा गोतावळा दिसतो.

भाटीचं काम कठीण असतं. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेळी साधारण चार पिल्लं, डोळे मिटलेली, स्वतःचं अंग उबदार ठेवू न शकणारी. आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवीही करता येत नाही. डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती दुधाखेरीज काही खायला लागतात. या सगळ्या काळात बाप जवळ नसतो. दूध, ऊब, राखण, शिकार हे सारं एकट्या आईवर. म्हणून तिला तीन गोष्टी लागतात: जवळ अन्न, कोरडी सुरक्षित जागा आणि भरवशाचा शेजार. भाटीचे जे गुण किंवा अवगुण आपण सांगतो, ते बहुतेक या तीन गरजांमधून निघतात.

भाटी घर धरून राहते, कारण पिल्लांना सोडून लांब जाणं तिला परवडत नाही. ती उंदीर मारण्यात पटाईत असते, कारण दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या पोटापेक्षा कितीतरी जास्त मिळवावं लागतं. लेकुरवाळ्या भाट्या इतर मांजरांपेक्षा शिकारीत जास्त वाकबगार असतात, असं अभ्यासकांनीही नोंदवलं आहे. पिल्लं महिन्याभराची झाली की ती आधी मेलेली शिकार आणून देते, मग अर्धमेली, मग जिवंत. पिल्लं शिकारीचे पहिले धडे घेतात ते या शिदोरीवर. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा बाजूला ठेवला, तरी जागा घाण झाली, कोणाची नजर पडली, बोका फिरकू लागला, अशा कारणांनी भाटी खरोखरच पिल्लं मानेला धरून हलवते. एरवी गरीब असणारी भाटी याच दिवसांत कुत्र्यावरही धावून जाते. त्या धावून जाण्यावरून तिला रागीट म्हणण्यापेक्षा तिच्या अंगावर तेव्हा कोणती जबाबदारी होती, हे पाहावं.

माद्यांचा शेजारही कामाचाच असतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी डेव्हनमधल्या एका शेतावरच्या मांजरांचा अभ्यास केला. तिथे नात्यातल्या भाट्या एकाच ठिकाणी पिल्लं ठेवत आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजत. म्हणून ‘मांजर हा एकलकोंडा प्राणी’ हे वाक्य भाटीला अर्धंच लागू पडतं. अन्न पुरेसं असेल तर ती नातं ओळखते आणि टिकवते.

भाटीच्या लहरीपणामागेही हेच काम आहे. ती पाच-सहा महिन्यांची होते न होते तोच माजावर येऊ शकते. त्या दिवसांत ती जमिनीवर लोळते, पायांत घोटाळते, मागचा भाग उंचावते आणि रात्रभर घसा ताणून ओरडते. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला ती आजारी वाटते. कालपर्यंत हात लावू न देणारी भाटी आज मांडीवरून उतरत नाही, आणि आठवड्याने पुन्हा फटकून वागते. शिवाय मांजराचं बीज आपोआप सुटत नाही. नराशी संग झाल्यावर मेंदूतून संप्रेरकाची लाट येते आणि मग ते सुटतं. त्यासाठी अनेकदा एकाहून अधिक संग लागतात. संग झालाच नाही, तर माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. दार बंद करून ठेवलेली, नसबंदी न झालेली भाटी अशी पुन्हा पुन्हा त्याच फेऱ्यातून जाते. तिच्या लहरी या फेऱ्याच्या भरती-ओहोटीने ठरतात.

या फेऱ्याला दिवसाच्या लांबीचं बंधन असतं. युरोपात हिवाळ्यात दिवस फार लहान होतो, तेव्हा बहुतेक भाट्यांचा माज काही महिने थांबतो. महाराष्ट्रात वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, म्हणजे फरक थोडाच. त्यामुळे आपल्याकडे भाटी वर्षभरात जवळपास केव्हाही माजावर येऊ शकते, अंगावर पिणारी पिल्लं असतानाही. भाट्यांना विश्रांतीचा ऋतू नाही, म्हणून बोक्यांनाही नाही. आपल्या गल्लीत बोक्यांचं केकाटणं बारा महिने ऐकू येतं, ते यामुळे.

आता बोका. त्याच्या कामाचं गणित वेगळं आहे. १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक विचार मांडला: ज्या लिंगाला संततीसाठी जास्त खर्च करावा लागतो ते निवडक होतं, आणि ज्याला कमी खर्च करावा लागतो त्या लिंगातले जीव जोडीदारासाठी आपापसांत झगडतात. मांजरात हे अगदी उघड दिसतं. भाटीचा वंश किती पिल्लं जगतात यावर ठरतो. बोक्याचा वंश किती भाट्यांपर्यंत तो पोहोचतो यावर ठरतो. भाट्या बराच काळ गाभण असतात नाहीतर पाजत असतात, त्यामुळे ठरावीक दिवशी, ठरावीक परिसरात माजावर आलेली भाटी क्वचितच सापडते. ती शोधायची म्हणजे फिरायला हवं. दुसरेही शोधत असतात, म्हणून भिडायला हवं. प्रत्येक वेळी भिडणं परवडत नाही, म्हणून आपण इथे आहोत हे लांबूनच कळवायला हवं. भटकणं, भांडणं, फवारणं ही बोक्याची तीन कामं अशी एकाच गरजेतून निघाली आहेत.

दक्षिण स्वीडनमध्ये ओलोफ लिबर्ग यांनी शेतशिवारातल्या मोकळ्या मांजरांवर पाळत ठेवली, तेव्हा त्यांना हेच दिसलं. माद्या आपापल्या शेतघराभोवती होत्या, तर प्रौढ बोक्यांचा फेरा अनेक माद्यांच्या वावरक्षेत्रांवरून जात होता. इतरत्रच्या अभ्यासांतूनही बोक्याचं वावरक्षेत्र भाटीच्या साधारण तिप्पट भरतं. भाटीच्या क्षेत्राचा आकार अन्न किती दूर आहे यावर ठरतो, बोक्याच्या क्षेत्राचा आकार भाट्या किती दूर आहेत यावर. म्हणून एकाच घरात, एकाच थाळीत जेवणारी भावंडं वयात आल्यावर वेगळी वागू लागतात. भाटी अंगणात राहते आणि बोका तीन दिवसांनी, गालाला जखम घेऊन परततो.

बोक्याची भांडखोर वृत्ती त्याच्या रक्तातच असती, तर ती सगळीकडे सारखी दिसली असती. तशी ती दिसत नाही, आणि या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. मांजरांची दाटी जगात फार वेगवेगळी असते: कुठे एका चौरस किलोमीटरमध्ये एखादंच मांजर, कुठे २,००० हून अधिक. माद्या विखुरलेल्या असल्या, तर एखादा दांडगा बोका एकेका भाटीजवळून इतरांना हुसकावू शकतो आणि त्याचं भांडण फळाला येतं. शहरात एका चौकात डझनावारी मांजरं राहतात. तिथे माजावर आलेल्या एका भाटीभोवती इतके बोके जमतात की कोणा एकाला बाकीच्यांना रोखणं शक्यच होत नाही. एकाला हुसकावेपर्यंत दुसरा पुढे झालेला असतो. युजेनिया नातोली यांनी रोमच्या मध्यवस्तीतल्या मांजरांच्या मोठ्या वसाहतीचा अभ्यास केला. तिथे अनेक बोके एकाच भाटीजवळ आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले दिसले. शेतावर एकमेकांना फाडणारं हेच जनावर गर्दीत सोसायला शिकतं.

पिल्लांच्या बापांची तपासणी केल्यावर हे आकड्यांतही उतरलं. १९९९ मध्ये लुडोविक से, डॉमिनिक पाँटिए आणि नातोली यांनी जनुकीय चाचण्या करून दाखवलं की ग्रामीण भागात फार तर २२ टक्के वितांमध्ये एकाहून अधिक बाप होते, तर शहरी वसाहतीत हे प्रमाण ७० ते ८३ टक्के होतं. म्हणजे एकाच आईच्या, एकाच दिवशी जन्मलेल्या चार पिल्लांचे बाप दोन-तीन असू शकतात. एका विताची पिल्लं रंगाने आणि स्वभावाने इतकी वेगळी का, याचं एक उत्तर इथे मिळतं.

बोका पिल्लं मारतो, ही भीती गावोगाव आहे. असे प्रसंग अभ्यासकांनीही नोंदवले आहेत, पण ते क्वचितच घडतात. त्यामागचा तर्क असा की पिल्लं गेली की भाटी लवकर पुन्हा माजावर येते, आणि दुसऱ्याची संतती वाढण्यात त्या बोक्याचा काही लाभ नसतो. अनेक बोक्यांशी संग करणाऱ्या भाटीचा यात फायदा होत असावा, असं काही शास्त्रज्ञ मानतात. कारण मग परिसरातल्या कोणत्याच बोक्याला ही पिल्लं आपली नाहीत असं धरून चालता येत नाही. इथेही क्रौर्य आणि माया ही नावं आपण देतो. मांजरांच्या बाजूने पाहिलं, तर दोघं आपापल्या कामाचा हिशोब पुरा करत असतात.

फवारण्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बोका घराबाहेर काढला जातो तो बहुतेकदा यावरून. बसून लघवी करणं आणि शेपटी ताठ करून, ती थरथरवत, भिंतीवर मागे धार सोडणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत पोट हलकं करायचं असतं, दुसरीत निरोप ठेवायचा असतो. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते फुटलं की तो नाकात बसणारा उग्र दर्प तयार होतो. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत हे द्रव्य भाटीच्या किंवा नसबंदी झालेल्या बोक्याच्या कित्येक पट असतं. जपानमध्ये मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या लघवीतलं कॉक्सिन नावाचं प्रथिन शोधून काढलं. ते फेलिनिन तयार होण्याला हातभार लावतं आणि तेही वयात आलेल्या बोक्यांत सर्वांत जास्त असतं. फेलिनिनसाठी लागणारं गंधक मांसातल्या प्रथिनांतून येतं. म्हणून जितका उग्र वास तितका हा बोका पोटभर शिकार मिळवणारा, असा त्याचा अर्थ इतर मांजरांना लागत असावा, असा एक विचार आहे. आपल्याला दुर्गंधी वाटते ती त्यांच्या जगातली ओळखपाटी आहे. हे कळलं की बोका मुद्दाम, सूड म्हणून घर घाण करतो, हा समज गळून पडतो आणि त्याला मारण्याचं कारणही उरत नाही.

या कामाची किंमत बोका मोजत असतो. वयात आल्यावर त्याची गालफडं जाड होतात, मानेची कातडी राठ होते, कारण चावे तिथेच बसतात. चाव्यांतून गळवं होतात, आजार पसरतात. मांजरांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. तो मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो आणि मोकाट, नसबंदी न झालेल्या बोक्यांत सर्वांत जास्त आढळतो. भाटी वितांनी झिजते, बोका भांडणांनी.

इतका मोठा फरक शरीरात घडतो कसा? दोन टप्प्यांत. पहिला टप्पा जन्माच्या आसपासचा. नर गर्भाच्या अंडकोषांतून येणारं टेस्टोस्टेरॉन वाढत्या मेंदूत काही वाटा आखून ठेवतं. दुसरा टप्पा वयात आल्यावरचा. तेव्हा हे संप्रेरक पुन्हा वाढतं आणि आखलेल्या वाटा जाग्या होतात. पेरणी आधी होते, पाऊस नंतर पडतो. पेरलेलं रान असूनही पाऊसच आला नाही, तर पीक उभं राहत नाही. मांजराची नसबंदी म्हणजे हा पाऊस थांबवणं.

तो थांबल्यावर काय होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट यांनी मोजलं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातले बोके वयात आलेले, भटकण्या-भांडण्याची सवय लागलेले होते. त्यांची नसबंदी केल्यावर साधारण दहातल्या आठ-नऊ बोक्यांचं भटकणं, भांडणं आणि फवारणं स्पष्टपणे कमी झालं, काहींचं लगेच, काहींचं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. पुढे १९८४ मध्ये त्यांनी वयात येण्याआधी नसबंदी झालेली मांजरं पाहिली. त्यांपैकी मोठेपणी वारंवार फवारणारे बोके साधारण १० टक्के होते आणि भाट्या ५ टक्के. हे दोन आकडे मला फार मोलाचे वाटतात. बोक्यांचा आकडा दुप्पट आहे, म्हणजे जन्माआधीच्या पेरणीची खूण राहिली आहे. पण १०० पैकी ९० बोके आणि ९५ भाट्या या बाबतीत सारखेच वागतात. जो फरक घराघरांत निर्णायक मानला जातो, तो इथे जवळपास मिटलेला आहे.

शेजारी एक उलट उदाहरण ठेवलं तर हे आणखी स्पष्ट होईल. तिरंगी मांजर बहुधा भाटीच असते आणि नारिंगी मांजरांत बोके जास्त असतात. नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर बसतो. बोक्याला एकच एक्स, त्यामुळे त्याचं अंग नारिंगी होतं किंवा होत नाही. भाटीला दोन एक्स, त्यामुळे तिच्या अंगावर काळे आणि नारिंगी ठिपके शेजारी-शेजारी उमटू शकतात. हा जनुक नेमका कोणता, हे क्युशू आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. हा नर-मादीतला खरा, कायमचा फरक. कोणत्याही शस्त्रक्रियेने तो बदलत नाही, कारण तो गुणसूत्रांत लिहिलेला आहे. वागण्यातला फरक मात्र संप्रेरकांच्या मार्गाने येतो, म्हणून संप्रेरकांबरोबर बराचसा निघूनही जातो.

बराचसा म्हणतो आहे, सगळा नव्हे. जे थोडं उरतं तेही पाहण्यासारखं आहे. बोका सरासरीने मोठा राहतो. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात डेबोरा वेल्स आणि सारा मिलसॉप यांनी २००९ मध्ये ४२ मांजरांपुढे अरुंद बरणीत टूना मासा ठेवला. तो काढताना जवळपास सगळ्या भाट्यांनी उजवा पंजा वापरला आणि जवळपास सगळ्या बोक्यांनी डावा. खेळण्यावर झेप घेण्यासारख्या सोप्या कामात मात्र असा कल दिसला नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे वीब्के कोनेर्डिंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मोठ्या मांजरांना पिल्लांचे दोन तऱ्हांचे आवाज ऐकवले: साधी हाक आणि जास्त व्याकूळ हाक. भाट्यांनी व्याकूळ हाकेला वेगळा, जलद प्रतिसाद दिला, पूर्वी कधी पिल्लं वाढवली नसली तरीही. बोक्यांच्या प्रतिसादात दोन हाकांमधला फरक दिसला नाही. हे उरलेले फरक बारीक आहेत, आणि त्यातला सर्वांत अर्थपूर्ण फरक पुन्हा त्या मूळ कामाशी, पिल्लांशीच, जोडलेला आहे.

मग ज्याला आपण स्वभाव म्हणतो, म्हणजे माणसाजवळ येणं, अनोळखी माणसाला न बिचकणं, मांडीवर झोपणं, ते कशावर ठरतं? इथे लिंग मागे पडतं आणि दुसऱ्या दोन गोष्टी पुढे येतात.

पहिली गोष्ट म्हणजे पहिले काही आठवडे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी दाखवलं की पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात त्याला नीट लागला, तर ते पुढे माणसाला धरून राहतं. हे दिवस हातचे गेले, तर नंतर कितीही माया केली तरी अंतर राहू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे बाप. केंब्रिजमध्ये सँड्रा मॅक्यून यांनी धीट, माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं आणि बुजऱ्या बोक्याची पिल्लं अशी तुलना केली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. धीट बापाची पिल्लं वर्षाची झाल्यावर अनोळखी माणसाकडे लवकर गेली, आणि पूर्वी न पाहिलेल्या वस्तूकडेही लवकर गेली. बापाने त्यांना कधी चाटलं नव्हतं, कधी शिकवलं नव्हतं. तरीही त्याचा धीटपणा बोके आणि भाट्या दोघांतही उतरला होता. पिल्लांच्या संगोपनात बोक्याचा वाटा शून्य, असं आपण आतापर्यंत म्हटलं. सहवासाच्या बाबतीत ते खरंच आहे, पण स्वभावाच्या वारशात त्याचा वाटा पुरा आहे.

भावंडांचाही वाटा असतो. पॅट्रिक बेट्सन आणि प्रिसिला बॅरेट यांनी १९७८ मध्ये पिल्लांचा खेळ तपासला. नर पिल्लं वस्तूंशी जास्त खेळली. पण ज्या माद्यांना नर भावंडं होती, त्यांचं खेळणं नरांसारखं होतं. इतक्या कोवळ्या वयातसुद्धा नराचं वागणं आणि मादीचं वागणं अशा दोन बंद खोल्या नव्हत्या. कोणाबरोबर वाढलो, यानेही वागणं बदलत होतं.

हे सगळं एकत्र ठेवलं की घरातल्या पहिल्या प्रश्नाचं रूप पालटतं. बोका की भाटी याऐवजी विचारायला हवं: या पिल्लाची आई कशी आहे, माणसाला किती धरून आहे? बापाविषयी काही माहिती आहे का? पहिल्या दोन महिन्यांत त्याला कोणी रोज हातात घेतलं का, आवाजांची, माणसांची सवय लावली का? आणि नसबंदी केव्हा करायची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, शक्यतो पहिला माज येण्याआधी, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या आत, हे बरं. भाटीला याचा आणखी एक मोठा लाभ आहे: सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या भाट्यांत स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होतो, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. नसबंदीनंतर दोघांची भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, म्हणून ताटलीतलं माप थोडं कमी करावं लागतं आणि रोज खेळवावं लागतं.

एका बाबतीत मात्र बोका आहे हे कधीच विसरायचं नाही. त्याची मूत्रनलिका भाटीपेक्षा अरुंद असते आणि ती खड्याने किंवा गाळाने तुंबू शकते. नसबंदी झालेला बोका वारंवार लघवीला बसतो, कळवळतो, आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ती खोड समजून रागावू नका. त्याला त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या. उशीर झाला तर त्यात त्याचा जीव जातो.

हे इतकं तपशिलाने मांडण्यामागे एक कळकळ आहे. आपल्याकडे भाटीचं पिल्लू नको म्हणून ते बाजारात, देवळाच्या आवारात, मासळीच्या गल्लीत सोडून देणारी माणसं आहेत, आणि बोका फवारू लागला म्हणून त्याला पोत्यात घालून दुसऱ्या वस्तीत सोडणारीही आहेत. सोडलेली भाटी वर्षाच्या आत तिथे पिल्लं घालते. सोडलेला बोका परक्या बोक्यांच्या हद्दीत चावे खात राहतो. दोघांना शिक्षा होते ती त्यांच्या लिंगाची, आणि ज्या वागण्यासाठी होते ते एका छोट्या शस्त्रक्रियेने बहुतांशी थांबलं असतं. भाटी वाईट नसते आणि बोका बेइमान नसतो. दोघंही फार जुन्या, फार जड कामाला जुंपलेले असतात, आणि आपल्या घरात राहणाऱ्या मांजराला त्या कामाची गरज उरलेली नाही.

ते ओझं उतरलं की बोका भित्रा निघेल, भाटी दांडगट निघेल, एकाला उशी लागेल, दुसऱ्याला खिडकी, कोणी पाहुण्यांच्या मांडीवर जाईल, कोणी पलंगाखाली. तोच त्या मांजराचा स्वतःचा स्वभाव, आणि तो लिंगावरून आधी सांगता येत नाही. तो रोज पाहून, जवळ राहून ओळखावा लागतो, आणि मांजर पाळणाऱ्याचं खरं काम तेच आहे.